टेम्पोचा इतिहास आणि आमचे मेहुणे

आमच्या माधवनगरात ज्या गाडीच्या पुढं माणूस आणि मागं माल बसतो, तिला टेम्पो म्हणतात. चाकं तीन असोत, चार असोत की सहा. गाडी पुण्याची असो की मद्रासकडची. आत यंत्रमागाचं कापड असो, तासगावची द्राक्षं असोत, हळदीची पोती असोत किंवा लग्नाचं वऱ्हाड असो, तो टेम्पोच. वनस्पती तुपाला डालडा आणि कागदाच्या प्रतीला झेरॉक्स म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. वर्तमानपत्रंसुद्धा त्यातली. 'आयशर टेम्पो उलटला', 'पिकअप टेम्पोची दुचाकीला धडक', 'छोटा हत्ती टेम्पो पकडला'. म्हणजे आडनाव काहीही असो, जात एकच.

आता हे टेम्पो नाव मूळचं कुणाचं, असं विचारलं तर वाहतूकवाल्यांपैकी निम्मे लोक पुण्याचं म्हणतील आणि उरलेले तुमच्याकडं संशयानं बघतील. नाव आहे जर्मनीचं. हांबुर्गजवळच्या विडाल अँड सोन या कंपनीच्या गाडीचं ते नाव. 'सोन' म्हणजे मुलगा. विडाल आणि चिरंजीव म्हणा ना, आपल्याकडच्या भुसारी दुकानाच्या पाटीसारखं. १९५८ साली नगरच्या फिरोदियांनी, म्हणजे नवलमल फिरोदियांनी, बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि या चिरंजीवांची तीनचाकी 'हॅन्सीट' गाडी इथं बनवायला घेतली. आधी मुंबईला गोरेगावात, मग आकुर्डीला. पुढं एक चाक, मागं दोन, आणि तोंडाकडं डुकरासारखं लांब नाक. दिसायला देखणी असं कुणी म्हणणार नाही. पण बैलगाडीला जो माल न्यायला दिवस लागे, तो ही गाडी फट्फट् करत दोन तासांत टाकून परत यायची आणि वर तिला पेंड लागत नसे.

गंमत अशी, की जर्मनीत विडालची कंपनी १९६६ साली दुसऱ्याच्या पोटात गेली आणि हळूहळू ते नावही मागं पडलं. आमच्याकडं मात्र ते असं रुजलं, की ज्यांच्या नावात टेम्पो होता त्यांनीच २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी आमच्या बोलण्यातला टेम्पो काही उतरला नाही. मालकानं पाटी काढून नेली आणि गिऱ्हाइकानं ती आपल्या दारावर लावली.

हा सगळा इतिहास उगाळायचं कारण आमचे मेहुणे. म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हा माणूस माधवनगरात पिकअप चालवतो. एरवी इचलकरंजीकडं कापड नि सुताची कोनं, आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षं. गाडीला नऊ वर्षं झाली. आता नवी घ्यायची. घ्यायची हे ठरलं. पण तीच कंपनी घ्यायची की दुसरी, इथं घोडं अडलं. आणि अडलेलं घोडं घेऊन तो माझ्याकडं आला.

"दाजी, तुमी बँकेत हाय. तुमाला कळतंय की."

मी बँकेत आहे हे खरं. पण मी काउंटरवर पासबुकं छापतो आणि पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांवर शिक्के मारतो, हे माझ्या सासरी बावीस वर्षांत कुणाला पटलेलं नाही. त्यांच्या मते तिजोरीची किल्ली माझ्या बनियनला असते.

त्या दोन कंपन्यांची नावं मी इथं घेणार नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत त्याच भावनेनं म्हणा. मेहुणेही घेत नाहीत. ते 'आपली' आणि 'त्यांची' असं म्हणतात. आपली गाडी ओढायला दणकट, त्यांची ॲव्हरेजला बरी. आपलीचा पाटा जाड, त्यांचीचा हौदा लांब. घरातल्या बायकासुद्धा असंच बोलतात. इंजिनाचा आणि त्यांचा संबंध नाही. पण 'त्यांची' गाडी दारात उभी राहणार म्हटल्यावर सासूबाईंनी पदर असा तोंडाशी नेला, की मुलगा परजातीत लग्न करतोय असं वाटावं.

बदलायचं कशासाठी, तेही सांगायला हवं. गेल्या फेब्रुवारीत तासगावकडून द्राक्षं भरून निघालेली गाडी रात्री वाटेत बसली. त्या हंगामातली तिसरी वेळ. सर्व्हिस सेंटरवाल्यानं फोनवर सांगितलं, पार्ट चार दिवसांनी येईल. द्राक्षांना चार दिवस म्हणजे माणसाला चार वर्षं. ज्याचा माल होता त्या शेतकऱ्याचा पोरगा रात्रभर क्रेटशेजारी बसून होता. बोलत काही नव्हता, फक्त अधूनमधून एक घड उचलून बॅटरीच्या उजेडात बघायचा. शेवटी आमच्या नेहमीच्या फिटरनं, आजूबाजूचे लोक त्याला मिस्त्री म्हणतात, पहाटे दोन वाजता येऊन जुन्या गाडीचा पार्ट काढून यात बसवला आणि माल पोचता केला. कंपनीच्या बाजूनंही एक गोष्ट सांगितली पाहिजे: कागदावर जेवढा भार लिहिलाय तेवढाच भरणारा माणूस आमच्या तालुक्यात मी तरी अजून पाहिला नाही.

तर बदलावं की नको? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळं असल्या प्रश्नाला इतिहासात उत्तर शोधायचं नसतं, हिशेबात शोधायचं असतं. पण आमच्या रेल्वे मार्गावर माधवनगरच्या पुढं चार-पाच स्टेशनांवर किर्लोस्करवाडी आहे, आणि ते स्टेशन आलं की मला हटकून नांगर आठवतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढं त्यांनी लोखंडी नांगर बनवला. लाकडी नांगरानं पिढ्यान्‌पिढ्या जमीन खरवडणाऱ्या शेतकऱ्यानं तो बघितला, बोटानं टकटक वाजवला आणि घरी गेला. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली! आमच्या बँकेत दोन वर्षांत सहा खाती उघडणाऱ्या मॅनेजरची बदली कुठं झाली असती, हे मी सांगत नाही. किर्लोस्करांची बदली झाली ती मात्र चांगल्या जागी. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि १९१० साली तिथं कारखाना उभा राहिला. नंतर ते नांगर किती गेले, त्याला गणती नाही.

मला कुतूहल आहे ते कारखान्याचं नाही. त्या सहा शेतकऱ्यांचं आहे. बाकीचे बांधावर बसून तंबाखू मळत 'आता याची जमीन करपणार' म्हणून वाट बघत असताना, या सहा जणांनी नांगर जमिनीत घातला कसा? नांगर फसला असता तर किर्लोस्करांचं सहा नांगरांचं नुकसान. त्यांचं अख्ख्या वर्षाचं. पुतळे किर्लोस्करांचे झाले, ते योग्यच आहे. पण त्या सहांच्या बायका पहिल्या पेरणीच्या रात्री झोपल्या असतील असं मला वाटत नाही.

बाकी कंपन्यांचा इतिहास बघितला, तर निष्ठा ठेवावी अशी एकजण एका जागी उभी नाही. जीपवाली महिंद्र घ्या. १९४५ साली नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि इकडं १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झालं. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली, हा योगायोग आमच्या स्टेशनरी खात्याला फार आवडला असता. त्यांनी अमेरिकेच्या विलिस जीपचे सुटे भाग आणून इथं जोडले. लढाईसाठी जन्मलेली ती जीप पुढं आमच्याकडं वडापला लागली. आठ माणसांच्या जागेत अठरा बसवून सांगलीहून खेड्यात सोडणं हे लढाईहून सोपं काम नव्हे.

टाटांच्या टेल्कोनं १९५४ साली जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला. तेवढी वर्षं ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा होता. १९६९ ला करार संपला, तारा गेला, 'टी' आला. म्हातारे ड्रायव्हर पुढंही कितीतरी वर्षं त्याला 'मर्सडी'च म्हणत. मग बजाज टेम्पोची मॅटॅडोर. मॅटॅडोर म्हणजे स्पॅनिश भाषेत बैल मारणारा. बेंदराला बैलांची शिंगं रंगवून पुरणपोळी चारणाऱ्या आमच्या लोकांनी ही गाडी हौसेनं घेतली आणि पुढच्या काचेवर 'आईची कृपा' लिहिलं. नावाप्रमाणं तिनं बैलाचं काम संपवलं, यात मात्र खोटं नाही.

१९८५ च्या सुमाराला जपानी आले. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. चौघेही जोडनावाचे, माहेर नि सासर दोन्ही लावणाऱ्या बायकांसारखे. इकडं टेल्कोनं १९८६ साली ४०७ उभी केली आणि ती चौघांना पुरून उरली. टोयोटावाल्यांचं पुढं देवू झालं, निस्सानवाल्यांना महिंद्रांनी घेतलं. टिकला तो आयशर, आणि तोही आमच्या तोंडी टेम्पो होऊन.

आणि २००५ साल! त्या वर्षी कृष्णेला महापूर आला, हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून हळद नासली, बजाज टेम्पोतला टेम्पो गेला, आणि टाटांची एस आली. दोन सिलिंडरचं सोळा अश्वशक्तीचं इंजिन, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. गणपतीच्या सांगलीत हत्तीला कोण नाही म्हणणार? ज्यांनी जन्मात हातगाडीशिवाय काही ओढलं नव्हतं, ते त्या वर्षी हत्तीवर बसून आमच्या शाखेत हप्ता भरायला आले.

बँकांचं तरी काय वेगळं? १९१६ ची सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये गेली, त्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये. खातेदारानं बँक बदलली नव्हती. तो बसला होता त्याच बाकावर, बँक त्याच्या समोरून निघून गेली.

असो. मेहुण्यांना मी कागदावर हिशेब मांडून दिला. साडेआठ लाख कर्ज, पाच वर्षं, दहा टक्के धरले तर हप्ता अठरा हजारांच्या वर. महिन्याला अडीच हजार किलोमीटर. 'आपली' लिटरला बारा देते, 'त्यांची' तेरा देईल म्हणतात. म्हणजे महिना सोळा लिटर वाचले, दीड हजाराच्या आतबाहेर. पाच वर्षांचे ऐंशी-नव्वद हजार. पण विकताना आमच्या भागात 'आपली'ला गिऱ्हाईक लवकर मिळतं, तिथं पन्नास हजार वजा. उरले तीस-चाळीस.

"आणि मिस्त्रीचं काय धरलं?" मेहुण्यानं विचारलं.

मी पेन्सिल खाली ठेवली. पहाटे दोनला येणारा माणूस कुठल्या रकान्यात धरायचा, हे आम्हाला बी. कॉम.ला नव्हतं. मिस्त्रीला 'आपली' डोळे मिटून उघडता येते. 'त्यांची' त्यानं कधी उघडलेली नाही. गाडी बदलली तर नुकसान आमचं एकट्याचं नाही. त्याचंही एक कायमचं गिऱ्हाईक जातं, आणि तेही त्यानं द्राक्षं वाचवल्यावर. मेहुणे त्या विचारानं आठवडाभर त्याच्या गॅरेजवरून न जाता लांबच्या रस्त्यानं जात होते.

शेवटी सासरे बोलले. या माणसानं १९७८ साली जुनी तीनचाकी हॅन्सीट घेऊन धंदा सुरू केला, नंतर मॅटॅडोर केली, आणि गेली दहा वर्षं ते कुठल्याच गाडीबद्दल चांगलं बोललेले नाहीत. ते म्हणाले, "त्या मिस्त्रीलाच इचारा की. तुमी दोघं मधी कशाला कागुद रंगवताय?"

विचारलं. मिस्त्रीनं हात पुसले, बिडी पेटवली, आणि म्हणाला, "घ्या की. इंजन ते इंजनच. मलाबी शिकाय पायजेच, सगळं गाव तिकडं निघालंय. पयल्यांदा बिघडंल तवा तेवढं कुणाकडं नेऊ नका. माझ्याकडं आणा. पैसं घेणार न्हाई."

गाडी आली ती दसऱ्याच्या आधी. हार झाला, लिंबू चाकाखाली गेलं, सासूबाईंनी ओवाळलं आणि जाता जाता बॉनेटवरून हात फिरवून घेतला. मिस्त्रीनं दोन वेळा बॉनेट उघडलं, काही न बिघडताच. पंधरा दिवसांत मेहुणे तिला 'आपली' म्हणायला लागले. जुनी बुधगावच्या एकानं नेली, ती आता 'त्यांची'. परवा दुपारी मी तिकडं गेलो होतो, तर सासरे घरातनं ओरडत होते, "अरं, तो टेम्पो सावलीत लाव!"