दोन लाव्ह्यांमधला गाळ

नागपुरात राहणाऱ्याला आपण कशावर उभे आहोत हे कळायला फार लांब जावं लागत नाही. बर्डीच्या टेकडीचा काळा दगड म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची जवळजवळ शेवटची कड. तिथून पूर्वेला सरकलात की लाव्हा संपतो आणि त्याच्यापेक्षा कितीतरी जुना नाइस खडक उघडा पडतो. पश्चिमेला, काटोल रोडच्या बाजूला, गिट्टीखदान आणि टाकळी. टाकळी आता शहराच्या पोटात गेली आहे. पण पृथ्वीचा इतिहास ज्यांनी वाचला त्यांच्या लेखी टाकळीचं नाव फार मोठं आहे, आणि ते काळ्या दगडामुळे नाही, त्यात दडलेल्या वीतभर गाळामुळे.

मी भूशास्त्र शिकवत होते तेव्हा मुलांना खदानीत न्यायची. काळ्या दगडाची उभी भिंत पाहून झाली की सगळे परतीच्या वाटेला लागायचे. मी त्यांना थांबवायची आणि भिंतीत मधेच दिसणारा फिकट पट्टा दाखवायची. खाली लाव्हा, वर लाव्हा आणि मधे कुठे चर्ट, कुठे चुनखडक, कुठे चिकणमाती. जाडी कुठे काही सेंटिमीटर, कुठे दोन-तीन मीटर. याला इंटरट्रॅपियन थर म्हणतात. लाव्ह्याचा एक लोट आला, थंड झाला. त्याने ओढे अडवले, खोलगट जागी डबकी साचली, तळी झाली. त्यांत शेवाळ आलं, गोगलगायी आल्या, मासे आले, काठावर झाडं उगवली. किती काळ गेला कोण जाणे, पण मग पुढचा लोट आला आणि सगळं झाकून गेला. सिलिकामिश्रित पाण्याने त्या गाळाचा दगड केला म्हणून तो टिकला. दख्खनचा लाव्हा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, सह्याद्रीत तो दोन किलोमीटरहूनही जाड भरतो. एवढ्या अवाढव्य दगडाचं वय काय, या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षं वाद चालला तो या किरकोळ पट्ट्यांच्या आधारावर.

टाकळीच्या चर्टचा एक तुकडा माझ्याकडे आहे. पेराएवढा शंख, पूर्ण दगड झालेला. तोंड आपल्याकडे आणि टोक वर धरलं तर ते तोंड डाव्या हाताला येतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. या डावखुऱ्या शंखाला तेव्हा फायसा प्रिन्सेपी म्हणत. भिंगाखाली वळणावरच्या वाढीच्या रेषा अजून मोजता येतात. मद्रासच्या फौजेतले शल्यचिकित्सक माल्कमसन यांनी हैदराबाद ते नागपूर वाटेवरच्या टेकड्यांतून असे शंख गोळा केले आणि १८३० च्या दशकात त्यांच्यावर लिहिलं. गोड्या पाण्यातले जीव लाव्ह्याच्या मधे, हे कोडं तिथून सुरू झालं.

ते मनावर घेतलं स्टीफन हिस्लॉप यांनी. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. शाळा चालवायची, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून घ्यायची, आणि वेळ मिळेल तेव्हा टेकड्या, नाले पालथे घालायचे. सोबतीला त्यांच्यासारखेच मिशनरी रॉबर्ट हंटर. टाकळीच्या थरातून त्यांनी शंखांबरोबर फळं, बिया, लाकूड आणि माशांचे खवले काढले. भुंग्यांचे कडक पंखसुद्धा निघाले, त्यांचं वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात केलं. भुंग्याचा पंख लाव्ह्याच्या दोन लोटांमधे शाबूत राहावा याचं मला आजही नवल वाटतं. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसरावरचा मोठा लेख त्याच नियतकालिकात १८५५ मध्ये आला. बर्डीच्या टेकडीचा छेद त्यात आहे, वर लाव्हा, मधे गोड्या पाण्याचा थर, खाली लाव्हा.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळं पाहून संध्याकाळी परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. वय अवघं पंचेचाळीस. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाचं. तिथे शिकलेल्या कितीजणांना हा माणूस दगडांमागे फिरत होता हे ठाऊक असेल? मला फार थोडे भेटले.

शंखांवरून हिस्लॉप यांनी निष्कर्ष काढला होता की लाव्हा तृतीयक काळातला, म्हणजे डायनोसोरांचा शेवट झाल्यानंतरचा. पुढे बिरबल साहनी त्याच बाजूला उभे राहिले. छिंदवाड्यातल्या मोहगाव कलानचे आणि आसपासचे थर त्यांनी तपासले. तिथे ताडाच्या कुळातली झाडं होती, नीपा या खाजणात वाढणाऱ्या ताडाची फळं होती, पाण्यावर तरंगणारं अझोला होतं. १९३४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी थेट प्रश्न केला, दख्खनचे ट्रॅप, म्हणजे हा लाव्हा, क्रिटेशस (तृतीयकाच्या आधीचा, डायनोसोरांचा काळ) की तृतीयक? वनस्पती म्हणत होत्या तृतीयक. साहनींचा तर्क त्यांच्या काळाच्या पुराव्याला धरून होता. ताड आणि अझोला क्रिटेशसच्या अखेरीसही होते हे नंतर कळलं.

दुसरा पुरावा आला चुंबकत्वातून. थंड होताना लाव्हा त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतो. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या मंडळींनी दख्खनचे नमुने मोजले आणि दिसलं की हा दगड ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात हे मानायला बरेच शास्त्रज्ञ तयार नव्हते त्या दिवसांत, आपल्या रस्त्यावर पसरतो त्या दगडाने ही साक्ष दिली. मग १९८६ मध्ये विन्सेंट कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी मांडलं की लाव्ह्याचा बहुतांश भाग दहा लाख वर्षांच्या आत, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास बाहेर पडला. २०१५ मध्ये सह्याद्रीतल्या लोटांमधल्या थरांतून मिळालेल्या झिरकॉनच्या कणांवरून ब्लेअर शोएन यांच्या गटाने हिशोब आणखी बारीक केला. मुख्य उद्रेक डायनोसोर नष्ट होण्याच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि एकूण साडेसात लाख वर्षांत आटोपला. इकडे कच्छमधल्या अंजारला लाव्ह्याच्या मधल्या थरांतच डायनोसोरांची हाडं आणि अंड्यांची कवचं सापडली होती. म्हणजे पहिले लोट आले तेव्हा ते प्राणी या भूमीवर हिंडत होते, आणि हिस्लॉप आणि साहनी ज्या सीमेवरच्या वादात उतरले होते ती सीमा लाव्हा ओतला जात असतानाच येऊन गेली.

मला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते वरोऱ्याजवळचं पिसदुरा. इथला गाळ लाव्ह्याच्या मधला नाही, त्याच्या खालचा, लमेटा थराचा. इथून निघालेल्या शेपटीच्या मणक्यांना लायडेकर यांनी १८७९ मध्ये टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी असं नाव दिलं. नांगरलेल्या शेतात इथे पांढुरके, सच्छिद्र गोळे मिळतात. गारगोटी समजून बाजूला टाकावेत असे. ती डायनोसोरांची दगड झालेली विष्ठा. मॅटली यांनी १९३९ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिलं, पण आत काय आहे ते कळायला आणखी सहासष्ट वर्षं लागली. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, त्यांच्यासोबत कॅरोलीन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी, यांनी त्या गोळ्यांतून वनस्पतींच्या पेशींत साठलेले सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे केले. त्यातले काही गवताचे निघाले, आणि तेही एकाच जातीचे नाही, आजच्या गवतांच्या निदान पाच गटांचे. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे आलं तोवर पुस्तकांत लिहिलं जायचं की गवत डायनोसोर गेल्यावर आलं. आम्हीही वर्गात तेच शिकवलं होतं. २०११ च्या पुढच्या अभ्यासात याच गोळ्यांत भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणा ओळखता आल्या.

टाकळीचा थर घरांखाली गेला, तो परत उघडणार नाही. पिसदुऱ्याची शेतं अजून उघडी आहेत. वरोरा-चंद्रपूरच्या शिक्षकांना माझं सांगणं असतं की पेरणीआधी, नांगरट ताजी असताना मुलांना बांधावर न्या, शेताच्या मालकाला विचारून न्या, गोळा उचलून बघू द्या आणि जिथून उचलला तिथेच ठेवायला लावा. कुठला तुकडा कुठे पडला होता, यावरच अभ्यासकांचा पुढचा हिशोब बसतो.