इंग्लिश टेबलाचं आजोळ

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत काय किंवा मुंबईत काय, सोफ्यापुढच्या सनमायकाच्या टीपॉयला पाय चार असतात, नाव मात्र तीन पायांचं. आपली तिवई, हिंदीतली तिपाई साहेबाच्या तोंडी टीपॉय झाली आणि विलायतेला गेली. तिथे लोकांना त्यात 'टी', म्हणजे चहा, ऐकू आला. मग एका खांबावर उभी असलेली, आत चहापत्तीचे डबे असलेली पेटीच टीपॉय म्हणून मिरवू लागली. हा घोळ १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात नोंदलेला आहे.

जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या इंग्रजी हवेल्यांच्या धाटणीची साइड टेबलं मिळतात. ती नक्कल आहे हे दुकानदार लपवत नाही. पण अस्सल तरी कितपत इंग्लिश? अठराव्या शतकात होरेस वॉलपोल या उमरावाने आपल्या स्ट्रॉबेरी हिल या घरासाठी पीळदार दांड्यांच्या आबनुसी खुर्च्या जमवल्या. त्या ट्यूडर काळातल्या, पक्क्या इंग्रजी, अशी त्याची खात्री! निघाल्या सतराव्या शतकातल्या, कोरोमंडल किनाऱ्यावरच्या.

लाकूडही परकंच. १७२१ साली ब्रिटनने अमेरिकेतल्या वसाहतींच्या लाकडावरची जकात उठवली आणि मॅहोगनीचे दिवस आले. मुंबईच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात विलायती घाट शिसवीत उतरवले. आता पाडलेल्या इमारतींच्या सागवानी तुळया कामी येतात. जुन्या खिळ्याच्या भोकाभोवती सागात काळा डाग उतरलेला असतो; गिऱ्हाईक त्यावरच भुलतं.

आणि ती चकाकी! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रुळलेलं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. कुसुम, पळस, बोरीवर पोसलेल्या किड्याची. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, लाखेत भिजवायचा, तेलाचा थेंब लावायचा आणि न थांबता गोल गोल फिरवत राहायचं. हात मध्येच थबकला की तिथे बोळा चिकटलाच. एक थर वाळला की दुसरा, असे कितीतरी.

मात्र लाखेला उष्णता सोसत नाही. गरम कप टेकवला की पांढरं कडं उमटतं. तेव्हा असं टेबल घ्यायचं तर त्यावर फुलदाणी ठेवावी. चहाला आपला सनमायकाच बरा.