मोबाइलवर सरकारी पाळत : गलोंड्याच्या माणसाला कायदा किती वाचवतो?

सिल्वासा, प्रतिनिधी : गलोंड्यातून सिल्वासाच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्याच्या खिशात मोबाइल असतोच. बँक, पगाराचा मेसेज, घरच्यांचे फोटो, सगळं त्यातच. "आपण काय चोर आहोत का? बघू दे कोणी बघत असेल तर," असं नाक्यावर सर्रास ऐकू येतं. पण कोण, किती आणि कोणाच्या परवानगीने बघू शकतो, हे माहीत असलेलं बरं.

काय साठवलं जातं?
कॉल कोणाला, कधी, किती वेळ गेला आणि इंटरनेट कोणत्या आयपी पत्त्यावरून वापरलं, याची नोंद कंपनीला किमान दोन वर्षे ठेवावी लागते. डिसेंबर २०२१ पूर्वी ही मुदत एक वर्ष होती. संशय असो वा नसो, नोंद सगळ्यांचीच राहते. त्यात बोललेले शब्द नसतात. तरी माणूस कोणत्या दवाखान्याला, कोणत्या सावकाराला फोन करतो, यावरून त्याचं दुखणं आणि कर्ज दोन्ही कळतं.

बोलणं ऐकायचं असेल तर?
आधी १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता, आता दूरसंचार कायदा २०२३ चं कलम २०(२) आहे. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, यापैकी एक कारण लागतं. आदेश साधारणपणे गृहसचिव पातळीवर निघतो. तो ६० दिवस चालतो आणि वाढवला तरी १८० दिवसांच्या पुढे जात नाही. संगणक आणि इंटरनेटसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे. २० डिसेंबर २०१८ ला केंद्राने त्याखाली दहा यंत्रणांना अधिकार दिले.

आदेश तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीशाची आधी परवानगी लागत नाही, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला कळवलं जात नाही. खरी अडचण इथेच आहे. कळलंच नाही तर दाद मागणार कशाची?

सिम गुजरातचं, कोर्ट मुंबईचं
आपलं सिम गुजरात सर्कलचं असलं तरी दादरा नगर हवेली मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत येते. म्हणून २२ ऑक्टोबर २०१९ चा तिथला निकाल आपल्या कामाचा. लाचेच्या प्रकरणात सीबीआयसाठी मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन टॅप झाला होता. त्यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नव्हता, असं सांगून कोर्टाने तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. याला आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाचा. त्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यावर मात्र फार विसंबू नका. देशाच्या सुरक्षेसारख्या कारणांवरून केंद्र आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं.

आपल्या हातात काय?
- संचार साथी पोर्टलवर आपल्या नावाने किती सिम चालू आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार करा.
- आधारची झेरॉक्स देताना शक्य तिथे मास्क्ड आधार द्या. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.
- टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कशाला लागतं? परवानगी काढून टाका.

यामुळे सरकारी पाळत थांबणार नाही. पण आपली माहिती वाटेल त्याच्या हाती जाणं तरी कमी होईल.