दोन दगड, एक लोह

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना डोंगर कापून काढलेल्या रस्त्याच्या कडेला क्षणभर थांबून पाहावे. काळ्या कातळाचे थरावर थर आणि वर तांबूस मातीचा पातळ पापुद्रा. माती तांबडी, दगड हाताला जड. मग या डोंगरात लोखंड आहे की काय? आहे, पण भट्टीच्या कामाचे नाही.

हा आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला, थिजला, त्यावर पुन्हा नवा थर आला. अशा शंभर किलो दगडात साधारण नऊ-दहा किलो लोह असते. पण ते इतर खनिजांत असे अडकलेले असते, की वेगळे काढणे परवडत नाही.

लोहखनिजाच्या दगडाची कुळकथा निराळी. गडचिरोलीतील सुरजागडला असा खडक सापडतो. त्याचा जन्म आगीतून नव्हे, पाण्यातून झाला. जगातले बहुतेक पट्टेदार लोहखडक दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत. तेव्हाच्या समुद्रात लोह विरघळलेले होते. सूक्ष्म जीवांनी प्राणवायू सोडला, लोहाला जणू गंज चढला आणि तो तळाशी गाळ होऊन बसला. लोहाचा एक पट्टा, गारेचा एक पट्टा, अशी ही वीण. पुढे गार झिजून गेली, तेथे लोहाचे प्रमाण साठ टक्क्यांवर गेले.

मग काळ्या पाषाणातले लोह वायाच गेले का? नाही. त्याने इतिहास लिहून ठेवला. लाव्हा थिजताना मॅग्नेटाइटच्या बारीक कणांनी त्या वेळची पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली. १९५०च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनचे दगड तपासले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झाले. त्यातून दिसले, की हा पाषाण थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. खंड सरकतात, या तेव्हा वादग्रस्त असलेल्या मताला आपल्या काळ्या दगडाने साक्ष दिली.

वारली घरांच्या भिंतींवर चित्राआधी गेरू सारवतात. त्या गेरूचा तांबडा रंग लोहाचाच.

पण या दगडाची दुसरी बाजू जव्हार-मोखाड्याच्या बायाबापड्यांना अधिक ठाऊक आहे. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. अखंड कातळ पाणी पोटात घेत नाही. उतारावरून पाणी धावते, वैतरणेला मिळते आणि धरणांतून मुंबईच्या नळाला जाते. हंडा मात्र डोक्यावरच राहतो.

तरीही हा कातळ सगळीकडे सारखा नाही. दोन थरांमधला झिजलेला, सच्छिद्र पट्टा आणि भेगा पाणी धरतात. झरे फुटतात ते तेथेच. म्हणून विहीर खणण्याआधी, बंधारा घालण्याआधी दगड वाचायला हवा. सुरजागडचा दगड लोखंडासाठी वाचला गेला. जव्हार-मोखाड्याचा पाण्यासाठी वाचला गेला, तर कोणाच्या तरी डोक्यावरचा एक हंडा कमी होईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)