आपलं डोकं आपणच मोजलं तर

गटाच्या बैठकीत कर्जाची वही पुढं सरकवली की कितीतरी जणी हात मागं घेतात. “मला कुठलं एवढं डोकं? तिला द्या.” हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय, की आज त्यावरच बोलायचं ठरवलं.

बुद्धी मोजायची चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी तयार केली. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखावी आणि त्यांना जादा मदत द्यावी, एवढाच हेतू. पुढं त्यातून ‘बुद्ध्यांक’ आला. त्यात १०० म्हणजे सर्वसाधारण. पण माप हातात आलं की माणसं सगळ्यांनाच मापत सुटतात.

स्कॉटलंडमधल्या एडिनबरा विद्यापीठात हल्ला बेलॉफ नावाच्या मानसशास्त्राच्या बाई होत्या. त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, चाचणी न देता सांगा, तुमचा बुद्ध्यांक किती असेल? आईचा किती, वडिलांचा किती? १९९२ साली त्यांनी उत्तरं छापली. मुलांनी स्वतःला मुलींपेक्षा सरासरी सुमारे ६ गुण जास्त धरले होते. आणि आईपेक्षा वडिलांना जास्त गुण दिले ते मुलांनीही आणि मुलींनीही!

आम्हांला हे दुसरंच जास्त लागलं. लेकीनंसुद्धा आईला कमी धरावं? खऱ्या चाचण्यांत बायकापुरुषांची सरासरी जवळपास सारखीच येते. लंडनच्या एड्रियन फर्नहॅम यांनी पुढं कितीतरी देशांत हाच प्रश्न विचारला, बहुतेक ठिकाणी कल तोच. माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज चाचणीशी थोडाफार जुळतो, फार नाही. नुसत्या नजरेनं पोत्यातलं धान्य सांगण्यासारखं आहे ते. पायली लावल्याशिवाय नक्की कळत नाही.

अशी पायली लावून घेतली आपल्याच बायांनी. सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला. चेतना सिन्हा यांच्याबरोबर त्यांनी स्वतःची बँक काढायला रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. अर्ज करणाऱ्या बाया निरक्षर, म्हणून तो नामंजूर झाला. बाया लिहायवाचायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईला साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आम्हांला व्याजाचा हिशेब घाला, तुमच्या माणसांनाही कॅलक्युलेटर न घेता करायला सांगा, कोण आधी सांगतंय बघू.

शेकडा दोननं ५,००० रुपयांचं तीन महिन्यांचं व्याज किती, हे आपल्यातली कुठलीही बाई भाकरी थापता थापता सांगेल. ३०० रुपये. त्याला कुणी बुद्धी म्हणत नाही, आपणही नाही.

परवाना मिळाला. १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

येत्या बैठकीत वही कुणी हातात घेतली, ते आम्हांला नक्की कळवा.