विमानात ऑक्सिजन मास्क खाली आला तर काय करावे?

प्रवासी विमान बहुधा ३०,००० फुटांहून उंच उडते. तेथील विरळ हवेतून शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून केबिनमधील हवेचा दाब ६,००० ते ८,००० फुटांवर असतो तेवढा राखतात. तो फार कमी झाला की मास्क आपोआप खाली येतात. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई-जयपूर विमानात असे घडले. काही प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले.

आधी स्वतःचा मास्क का?

३५,००० फुटांवर दाब अचानक गेला, तर नीट विचार करून हालचाल करायला जेमतेम ३० ते ६० सेकंद मिळतात. मुलाला किंवा आजारी आईवडिलांना मास्क लावताना तुमचेच भान हरपले, तर दोघांनाही धोका. स्वतःचा मास्क लावायला काही सेकंदच लागतात. मग लगेच त्यांना मदत करा.

मास्क कसा लावावा?

मास्क स्वतःकडे ओढा, नाक व तोंड झाका, पट्टा डोक्यामागे घ्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. वैमानिक विमान लवकरच सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात. कर्मचारी सांगेपर्यंत मास्क काढू नका.

रुग्णांनी काय काळजी घ्यावी?

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असल्यास तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या. इन्हेलर, इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा. अशा घटनेनंतर कान दुखत असेल, कमी ऐकू येत असेल किंवा धाप लागत असेल, तर उतरल्यावर लगेच तपासणी करून घ्या.