ओवीची नोंद आणि नकलेचा खर्च

जात्यावरील ओवीचा विचार आपल्याकडे लोकसाहित्याच्या प्रकरणात होतो; नोंदलेली ओवी पुढे टिकविण्यास काय खर्च येतो, हा प्रश्न मात्र हिशेबनिसाचा समजला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो संहितेचाच प्रश्न आहे.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकात पुण्याहून ओव्या संकलित करण्यास आरंभ केला. मुळशी तालुक्यातील डोंगरी गावे ही त्यांची एक महत्त्वाची कार्यभूमी. (मारुंजी याच तालुक्यात, शेजारच्या हिंजवडीत आज जगभरच्या माहितीचे साठे सांभाळले जातात.) हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांचा संगणकीय संग्रह झाला, शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. १९९३ ते १९९८ या काळात युनेस्को, नेदरलँड्सचे शासन आणि स्वित्झर्लंडमधील एक प्रतिष्ठान यांचे अर्थसाहाय्य होते. अनुदानाला मुदत असते, ओवीला नसते. पॉइटवाँ २००४ साली निवर्तले, राईरकर २०१० साली.

येथे डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे स्मरण होते. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ साली सुरू केलेल्या या कामासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून कोटीभर चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या आणि पहिला खंड यावयास १९७६ साल उजाडले. मधली वर्षे चिठ्ठ्या कपाटांत पडून राहिल्या. जागा, कोरडी हवा आणि कसरीपासून राखण एवढेच त्यांचे मागणे. संगणकीय नोंदीला असे पडून राहता येत नाही. डिजिटल ध्वनिफितीची यंत्रे बनविणे सोनीने २००५ साली थांबविले, फ्लॉपीचा व्यवहार २०११ साली आटोपला. वेळेत नक्कल केली नाही, तर वस्तू शाबूत आणि वाचन अशक्य, अशी विचित्र अवस्था येते.

नक्कल म्हणजे तरी काय? भारतीय लिप्यांसाठी इस्कीचे मानक १९९१ साली ठरले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरी छपाईच्या व्यवहारात प्रत्येक टंकाची सांकेतिक मांडणी निराळीच राहिली. माझ्या प्रबंधासाठी टिपलेले बोलीशब्द दहा वर्षांनी सीडीतून उघडले, तेव्हा पडद्यावर रोमन चिन्हांची खिचडी उमटली. रूपांतरासाठी सांगितलेली रक्कम मूळ टंकलेखनाच्या दुप्पट होती. राग आला, पुढे काम पाहिले तेव्हा ती वाजवी वाटली. यंत्र चिन्हे बदलते. रफार सरकला, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली, हे ओळखावयास माणूसच बसवावा लागतो. तोही बोली जाणणारा हवा. ‘माज्या’चे ‘माझ्या’ केले की मजकूर शुद्ध होतो आणि पुरावा जातो. भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने अर्धशतक केले, ते पाठनिर्णयाचेच काम येथे दर स्थलांतराला नव्याने उभे राहते. अंदाजपत्रकात मात्र ते ‘संगणकखर्च’ या नावाखाली येते, आणि तोही एकदाच.

ओव्यांचा संग्रह पुढे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’कडे आला व २०१७ पासून तो क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. त्यासाठी जुन्या नोंदी घेऊन मंडळी कोळवड्यासारख्या मुळशीतील गावांत पुन्हा गेली, हयात असलेल्या गायिकांना भेटली, त्यांच्याकडून ओव्या नव्याने गाऊन घेतल्या. तो प्रवास जतनाच्याच खर्चात धरावयास हवा.